बाबांची गेटसभा

बाबांना ते सांगायलाच नको होतं. जुमेरा लेक टॉवर्समधलं आमचं ऑफिस एका उंच इमारतीसाठी पैसा उभा करत होतं आणि त्यातला मोठा वाटा परदेशातल्या एका कामगार युनियनच्या पेन्शन फंडाचा होता. अल मनखूलच्या घरी जेवताना मी सहज बोलून गेले. उभा जन्म कारखान्याच्या युनियनमध्ये घालवलेल्या बाबांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे इमारत आपल्या लोकांची!"

"आपली कुठली, बाबा? त्यांना परतावा हवाय."

"आजोबा, इट्स जस्ट ॲन इन्व्हेस्टमेंट," लेकीनेही सांगून पाहिलं. पण बाबांनी हट्टच धरला, मला साइट दाखव.

फंडवाल्यांना पाठवायचे फोटो काढायला मला जायचंच होतं. बाबांना बरोबर नेलं आणि गाडीतून हलायचं नाही, असं दहादा बजावलं. परत येते तो काय! पाळी सुटली होती, कामगार बसच्या रांगेत होते आणि बाबा गेटजवळच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर चढून, मूठ उंचावून भाषण ठोकत होते. "भाइयों, ये बिल्डिंग मजदूरों के पैसे से बन रही है! तुम्हारी युनियन कहाँ है?"

इथे आखातात युनियन चालत नाही, असा घोळका जमवणंही चालत नाही. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून चौघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर, बाबांचासुद्धा. असा संताप आला त्यांचा! कामगार माना खाली घालून बसमध्ये चढत होते. एकजण हळूच म्हणाला, "चाचा, खलास. हमारी भी नौकरी जाएगी."

सिक्युरिटीवाला मोबाइलचा कॅमेरा रोखून आला. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून त्याने विचारलं, "मॅडम, ये आपके साथ हैं?"

हो म्हणवत नव्हतं आणि नाहीही म्हणवत नव्हतं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मालकासमोर कधी शब्द न फिरवलेला हा माणूस ठोकळ्यावरून खाली उतरला.

"नहीं साहब. मैं इन मॅडम को नहीं जानता. रास्ता भूल गया था."

आणि उन्हातून एकटेच चालू लागले. मी गाडीकडे वळले.

वळणापलीकडच्या बसस्टॉपवर मी गाडी थांबवली, पुढचं दार उघडलं. बाबा मागे जाऊन बसले, टॅक्सीत बसावं तसे.

"पुढे या ना, बाबा."

"राहू दे," ते म्हणाले. "कुणी बघेल."