लाल रेघेचा पट्टा

सोलापुरात डोंगर नाही. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायऱ्या चढून वर आलं तरी आमच्याकडं माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहतो. तिथं राहून डोंगर चढायचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. सत्तरच्या दशकात मी एका बँकेत कारकून होतो. बँकेतलेच दोघं सोबती मिळाले आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा आमची स्वारी पुण्याकडच्या एखाद्या गडावर जायला लागली.

चढण्यापेक्षा माझा जीव बेत आखण्यात जास्त रमायचा. शनिवारी बँक अर्धा दिवस. दुपारची गाडी, संध्याकाळी पुणं, तिथून शेवटची एस.टी., रविवारी गड आणि सोमवारी सकाळी परत सोलापूर. घरी आंघोळ उरकायची आणि दहाला काउंटरवर हजर. यात एक गाडी चुकली की सगळंच मुसळ केरात. दुपारच्या डब्याच्या वेळी मी कागद पसरून सगळं समजावून सांगायचो. दोघं माना डोलवायचे आणि मला ‘कप्तान’ म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

ही कप्तानकी उसनी होती. तिचा खरा धनी आमच्या गल्लीत हातमागावर बसून चादरी विणायचा.

तो माझा शाळेपासूनचा मित्र. घरी तेलुगू बोलायचा, बाहेर आमच्यासारखंच मराठी. सातवीनंतर शाळा सुटली आणि वडिलांच्या जागी तो मागावर बसला. संध्याकाळी मी त्याच्याकडं जायचो, सुताच्या पोत्यावर बैठक मारायचो आणि वेळापत्रक वाचून दाखवायचो. तो विणता विणता ऐकायचा. मधेच माग थांबवायचा आणि म्हणायचा, “पोहे कशाला नेतोस? पाणी लागतंय की त्याला. कडक भाकरी ने, शेंगाची चटणी ने. चार दिवस काय हुत न्हाय.” किंवा, “स्टोव्ह तळाला घालू नगंस. जड माल पाठीला चिकटून आन् जरा वर पायजे, मग वजन वाटत न्हाय.” आयुष्यभर चादरींचे गठ्ठे पाठीवरून वाहिलेला माणूस तो. वजनातलं त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळायचं. तो कधी डोंगरावर गेला नव्हता, पण कागदावरचा डोंगर त्याला माझ्याआधी दिसायचा.

पिशव्याही त्यानंच केल्या. जाड कापड आणून शिवल्या आणि पट्टे मात्र स्वतः विणले. “दोन बोटांचा पट्टा खांदा कापतोय. चार बोटांचा करतो,” म्हणाला. तीन पिशव्यांना साधे पांढरे पट्टे. चौथी त्यानं स्वतःसाठी केली. तिच्या पट्ट्यात मधोमध एक लाल रेघ घातली, “माझी वळकाय यावी म्हणून.” ती पिशवी मागाच्या वरच्या खुंटीला लटकत राहिली.

बँकेत मी सांगितलं, पिशव्या मुंबईहून मागवल्या. का सांगितलं? एक सोबती पट्टा चाचपून म्हणाला, “वा, माल दिसतो!” आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. एकदा निघालेलं मग गिळता येईना.

त्याच्या येण्याला एक अडचण होती. आमची सुट्टी रविवारची आणि हातमागवाल्यांची अमावास्येची. वाडवडिलांपासून तशीच रीत, त्या दिवशी कुणी मागाला हात लावत नसे. आम्हाला तर चांदणं लागायचं, कारण शनिवारी पायथ्याला पोचेपर्यंत अंधार पडलेला असायचा आणि चढायचं त्यानंतर. त्यामुळं आमचे बेत नेहमी पौर्णिमेच्या आसपास. त्यानं विचारलं की मी म्हणायचो, “अरे, अमावास्येला कुणी डोंगर चढतं का?” शुभ-अशुभ मी कधीच मानलं नाही. पण ही अमावास्या मला फार सोयीची होती. तो आला असता तर पहिल्याच थांब्यावर त्यानं दोघांना विचारलं असतं, “पट्टा कसा बसला खांद्याला?” आणि कप्तानाची टोपी तिथंच उडाली असती.

एकदा मी गेलो तर तो माग सोडून दारातच उभा होता. हातात भिंतीवरचं कॅलेंडर.

“फुडच्या आयतवारी आवस हाय. बघ की!”

मी बघितलं. खरंच होती. म्हटलं, “पण चांदणं नाही रे.”

“चांदणं कशाला पायजे? शनवारी खालच्या गावात देवळात झोपायचं. फटफटलं की चढायचं. उन्हाच्या आत वर. शनवारचं काम मी शुक्रवारपातूर उरकतो, मालकाला इचारलंय.”

इतका साधा, इतका चोख बेत मला कधी सुचला नव्हता. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी तोच बेत माझा म्हणून सांगितला. दोघं खूष झाले, एकानं पाठ थोपटली. चौथा कुणी येणार आहे हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

आठवडाभर त्याचा माग जास्त वेळ चालू असायचा. येता-जाता तो आवाज कानावर आला की मी भराभर पावलं उचलायचो. शुक्रवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. त्याच्या बायकोनं भाकरी फडक्यात बांधून ठेवल्या होत्या.

मी म्हणालो, “एकाला ताप आलाय. रद्द झालं.”

त्याचा चेहरा पडला, पण तो क्षणभरच. “लई ताप हाय का? मग ऱ्हाऊ दे. माणूस पयलं,” म्हणाला. वर मलाच दोन भाकरी दिल्या.

शनिवारी दुपारी मी मागच्या बोळातून स्टेशनवर गेलो. आम्ही देवळात झोपलो, फटफटल्यावर चढलो, उन्हाच्या आत वर पोचलो. सगळं त्यानं सांगितल्याबरहुकूम झालं. वर बसून त्या भाकरी आम्ही तिघांनी खाल्ल्या. उतरताना घसरलो, पिशवी झुडपात अडकली आणि एक पट्टा मधोमध फाटला.

सोमवारी सकाळी दमून आलो आणि बोळातून जायचं विसरलो. तो दारात मागाच्या कांडीवर सूत भरत बसला होता. माझ्या पाठीवर पिशवी, बुटांना लाल माती. सोलापुरात तसली माती नाही, हे त्यालाही माहीत होतं.

“उतरला का ताप त्याचा?” त्यानं विचारलं.

टोमणा असता तर बरं झालं असतं. मी भांडलो तरी असतो. “हं,” एवढंच म्हणालो.

त्यानं पिशवीकडं बघितलं. “पट्टा तुटलाय की. दे हिकडं.”

मी दिली. माफी मागायची तर तीच वेळ होती, दारात तिसरं कुणी नव्हतं. मला बँकेला उशीर होत होता, असं मी स्वतःला सांगितलं.

दोन दिवसांनी त्यानं पिशवी आणून दिली. टाके असे, की मूळचेच वाटावेत. आणि नव्या पट्ट्यात मधोमध लाल रेघ.

“हा तर तुझा,” मी म्हणालो.

“मी कुटं जातोय आता? हितं खुंटीवर धूळच खात हुता. तुला तरी उपेगी पडंल.” आणि तो गेला.

त्यानंतर त्यानं मला कधीही बेत विचारला नाही. मीही पोत्यावर जाऊन बसलो नाही. गल्लीत भेटलो की दोघं हसायचो, पावसापाण्याचं बोलायचो.

पुढच्या वेळी आम्ही चांदण्यात चढत होतो. मागून येणाऱ्या सोबत्यानं माझा खांदा धरला, त्यावर बॅटरी मारली आणि म्हणाला, “कप्तान, हा लाल रेघेचा पट्टा झकास आहे. हा कुठून आणलास?”

मी म्हणालो, “मुंबईहूनच.”