गिळलेली गाडीवाट

आमचं गाव कशानं उठलं, असं कुणी विचारलं की मी माणूस बघून उत्तर देतो. शहरातला पाव्हणा असला तर हडळ सांगतो. पेपरवाला असला तर दुष्काळ. एका बाईंना मी वाघाची गोष्ट सांगितली होती. वाघ रोज मारुतीच्या पारावर येऊन बसायचा म्हटल्यावर त्यांनी मला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. पण आता वय झालं. खोटं बोलायला जी उमेद लागते ती संतापानं संपवून टाकली. म्हणून आज खरं लिहितो. आमचं गाव आम्हीच खाल्लं. तोंडानं नाही, नांगरानं.

वसमतहून औंढ्याकडं जाणाऱ्या डांबरी रस्त्यावरून आमच्या गावाला एक गाडीवाट फुटायची. कोसभर लांब आणि रुंद म्हणाल तर अशी, की समोरासमोरच्या दोन गाड्या थांबवून गाडीवान खाली उतरायचे, तंबाखू मळायचे आणि त्यांच्या मधून वाजंत्र्यांसकट वरात निघून जायची. गावाशेजारच्या बंजारा तांड्याचा म्हातारा नायक सांगायचा की ही वाट त्यांच्या पूर्वजांच्या बैलांनी पाडली. मिठाच्या अन् धान्याच्या गोण्या लादलेल्या बैलांची रांग सकाळी निघाली की तिचं शेपूट दुपारी दिसायचं. नायक माझ्याइतकाच खोटं बोलायचा, पण वाट रुंद होती हे खरं.

वाटेच्या दोन्ही अंगांना आमची वावरं. वावर आणि वाट यांच्यामध्ये मातीचा बांध, त्याला आम्ही धुरा म्हणतो. उन्हाळी नांगरटीत शेवटचं तास, म्हणजे नांगराची शेवटची रेघ, धुऱ्याला लागून काढायचं. तिथं कासरा जरासा बाहेर ओढला की फाळ धुऱ्याच्या पोटात शिरतो आणि टीचभर वाट आपल्या वावरात येते. बैल काही बोलत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा टीचभर. समोरच्यानं बघितलं तर तो भांडत नाही. तो आपल्या अंगानं टीचभर घेतो. आमच्या गावात भावानं भावाचं डोकं फोडलं ते दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून. वाटेवरून कुणी कधी शिवीसुद्धा दिली नाही, कारण वाट कुणाचीच नव्हती.

नव्वद सालाच्या आसपास हळद वाढली, वावराला मोल आलं आणि बैलांचे कासरे जास्तच बाहेर ओढले जाऊ लागले. वाट आधी एका गाडीची झाली, मग एका बैलाची, मग एका माणसाची, तोही पोट आत ओढून. पावसाळ्यात काळ्या मातीचा जो राबडा व्हायचा त्याबद्दल मी कमीच सांगतो. एका गुत्तेदाराची, म्हणजे ठेकेदाराची, मोटारसायकल त्यात गेली. पुढच्या वर्षी हळद खांदताना तिचा आरसा निघाला, तो मी अजून दाढीला वापरतो. मत मागायला आलेल्या एका पुढाऱ्याला चौघांनी पाटावर बसवून आणलं. त्यानं पाटावरूनच सांगितलं, रस्ता करून देतो, जागा दाखवा. जागा कुठं होती? आम्ही सगळे दुसरीकडं बघायला लागलो. म्हणून सरकारला शिव्या देणाऱ्या आमच्या गावकऱ्याचं ऐकलं की माझी कानशिलं तापतात.

एकच माणूस दुसरीकडं बघत नव्हतं. माझी मोठीमाय, म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. मोठा बाप लवकर गेला, तेव्हापासून वावर तीच बघायची. तिचा आवाज असा की ती अंगणातून ओरडली तर शिरड शहापूरच्या बाजारात वांग्याचा भाव उतरायचा. वारंगा फाट्यावर झोपलेले ड्रायव्हर तिच्या हाकेनं उठून गाड्या सुरू करायचे. तिला काही मोठं नको होतं. एक बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी करा, म्हणजे गाव राहील, एवढंच. डोक्यावर पोती वाहून हळद वसमतला जात नसते आणि डोलीत घालून सून घरात येत नसते, हे तिला दिसत होतं. आमची वाट जिथं फुटायची त्या फाट्यावर डांबरी रस्त्याच्या कडेला गावातली पहिली दोन घरं तेव्हा उभी राहिली होती.

तिनं ज्याला त्याला विचारलं. ज्याला त्याला समोरच्यानं वाट खाल्ल्याचं ठाऊक होतं. शेवटी तिनं एक युक्ती काढली, आणि तिथंच आमचं गाव संपलं. तिनं पाडव्याला सगळ्यांना मारुतीपुढं गोळा केलं आणि म्हणाली, ज्यानं वाट खाल्ली न्हाई त्यानं ओलेत्यानं यावं, मारुतीच्या डोक्यावर हात ठेवावा अन् तसं म्हणावं. ज्याला म्हणता येणार न्हाई त्यानं आपला धुरा मागं घ्यावा.

तिचा हिशोब सरळ होता. मारुतीला खोटं कोण बोलेल? आमच्याकडं लोक कोर्टात गीतेवर हात ठेवून वाटेल ते बोलतात, पण मारुतीच्या डोक्यावर नाही. वावर ज्याच्या नावावर त्यानंच हात ठेवायचा, म्हणून मी सुटलो. बायांनी आमच्या मारुतीला शिवायचं नसतं, म्हणून मोठीमायही पाराखाली उभी राहिली.

वेशीला लागून पहिलं वावर आमचं, म्हणून पहिला मान माझ्या बापाला. बापानं विहिरीवर दोन बादल्या अंगावर घेतल्या. आमच्या धुऱ्यावरची बाभळ वाटेच्या कडेला असायची, ती तोवर आमच्या वावराच्या मधोमध आली होती. बाभळी चालत नसतात. सगळं गाव बापाकडं बघत होतं. बाप पारावर चढला, पाणी निथळत उभा राहिला. त्यानं एकदा मोठीमायकडं बघितलं आणि शेंदराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, मी वाट खाल्ली न्हाई.

मारुतीचा शेंदूर निघून पडला नाही. वीज पडली नाही. पडली असती तर मी आज एवढा चिडलो नसतो. उलट रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडावर अशी तरतरी आली की जणू वाढपी जिलेबी घेऊन निघाला. एकेक जण ओला झाला, एकेक जण चढला. सगळ्या गावानं हात ठेवला. वाट कुणीच खाल्ली नव्हती. ती आपली आपण हवेत उडाली होती.  मोठीमायचा आवाज बंद झालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

आता गंमत बघा. शपथेच्या आधी एखाद्यानं लाजेनं, एखाद्यानं बायकोच्या कटकटीनं चार टीच मागं घेतलीही असती. आता घेणार कसं? धुरा मागं सारला म्हणजे मारुतीला खोटं बोललो हे कबूल. आमच्या लोकांना खोटं बोलायची भीती नव्हती, खोटं उघडं पडायची होती. त्या पावसाळ्यात आमचाच बैल वाटेत रुतून पाय मोडून बसला, तेव्हा बाप मोठीमायच्या ओट्यावर जाऊन बसला. मी मागं उभा होतो. 

"वैनी, दोन तासं सोडावी म्हणतो," तो म्हणाला. "पण उद्या पोरं म्हणतील, बाप खोटा होता."

"अन् न्हाई सोडली तर काय म्हणतील?"

"न्हाई सोडली तर कुणाला कळतंय?"

"ह्या तुमच्या पोराला कळून ऱ्हायलं की, भाऊजी. मागं उभा हाय बघा."

बापानं मागं बघितलं नाही. धोतर झटकून उठला आणि तासं काही सोडली नाहीत.

मग गाव उठायला लागलं. वाट खाल्लेलीच माणसं आता वाट नाही म्हणून फाट्याकडं निघाली. दारं, पत्रे, तुळया डोक्यावर घेऊन एकामागं एक धुऱ्यावरून चालली होती. गाडी कुठून जाणार? एकाचं दार दुसऱ्याच्या कापसात पडलं तर त्यावरून मारामारी झाली. जाता जाताही वाटेवरून नाही, कापसावरून. मारुतीला मात्र कुणी नेलं नाही. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याला उचलून डोळ्यासमोर कोण बसवणार? फाट्यावर नवा मारुती बसवला, सिमेंटचा, ज्याला काही माहीत नव्हतं.

आमचा जिल्हा तेव्हा परभणीचा हिंगोली झाला. जिल्हा जवळ आला, आम्ही लांब गेलो. आमचं घर गेलं, मोठीमायचा लेकही गेला. त्यानं फाट्यावर चहाची टपरी टाकली. मोठीमाय तेवढी गावात राहिली. नंतर एक साहेब पाहणीला आला आणि म्हणाला की इथं वस्ती नाही, गाव बेचिराख लिहावं लागेल. ज्या गावात दिवा लागत नाही त्याला सरकार असं म्हणतं. मोठीमायनं त्याला चुलीपुढं बसवून भाकरी खायला घातली, वर लसणाची चटणी दिली. साहेबानं दुसरी भाकरी मागून घेतली आणि बेचिराखच लिहिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिनं तांड्यावरून नायकाची बैलजोडी मागवली, कारण आमच्यातला कुणी द्यायला तयार नव्हता. तिचं वावर वाटेच्या दोन्ही अंगांना होतं. नायकानं विचारलं, बाई, नांगर कुठवर घालू. तिनं पायानं खूण केली. जुना धुरा जिथं होता तिथवर.

"तुमी तर शपथ घेतली न्हाई," नायक म्हणाला. "तुमाला कोण इचारतंय?"

"माझ्या मालकानं खाल्लं," ती म्हणाली, "मी ओकून ऱ्हायले."

दोन्ही धुरे मागं गेले. मधला राबडा नायकानं मुरूम टाकून बसवला. दोन गाड्या बराबर बसतील असा रस्ता झाला, तिच्या वावरापुरता. अलीकडं दुसऱ्याची हळद, पलीकडं माझ्या बापाची हळद आणि मध्ये राजाच्या हत्तीला शोभेल असा रस्ता. कुठून येत नाही, कुठं जात नाही. फाट्यावरची माणसं हसून हसून लोळली. मोठीमाय रोज संध्याकाळी त्या तुकड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. दोन्ही हात झुलवत, ऐसपैस. फाट्यावर मी एकदा त्यांना म्हटलं, हसता काहून, तिच्याकडं निदान चालायला जागा हाय. तर माझाच चुलतभाऊ, तिचा लेक, मला म्हणाला, म्हातारीचं डोकं फिरलं, तू नको फिरवून घेऊस.

दोन हजार साल उलटून बरीच वर्षं झाल्यावर ती आजारी पडली. लेकानं तिला पाठकुळी घालून फाट्यावर आणलं. तिथंच ती गेली. जायच्या आधी तिनं एकच सांगून ठेवलं होतं, मला गावात जाळा. आता तिचं ऐकावं लागलं.

हळद तेव्हा कमरेच्या वर होती. तिरडीला चार खांदे लागतात आणि धुऱ्यावर दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. म्हणून पुढं एक, मागं एक, असं तिला डोक्यावर धरून नेलं. तिरडी इकडं कलायची, तिकडं कलायची. वाट खाल्लेले सगळे मागून रांगेत येत होते, मुंग्यांसारखे, आणि पाय घसरला की एकमेकांच्या धुऱ्याला शिव्या देत होते.

मग तिचं वावर आलं. तिथं मात्र चौघं पुढं झाले. चार खांदे लागले, तिरडी सरळ झाली, मागची माणसं आपोआप पसरून चालायला लागली. भजनवाल्याला टाळ वाजवायला हात सापडले. त्या तेवढ्या तुकड्यात माझी मोठीमाय माणसासारखी गेली. चौथा खांदा माझ्या बापाचा होता.

तुकडा संपला तिथं आमची हळद सुरू होत होती. चौघं थांबले. पुढचा माणूस बापाकडं बघायला लागला. बापानं नुसतं म्हणायचं होतं, चला तसंच, माझ्या हळदीतून. चार पावलांची हळद मोडली असती. मी मनात म्हटलं, बा, आता तरी. बापानं हळदीकडं बघितलं. पाल्यावर हात फिरवला, पीक बघतात तसा. मग त्यानं खांदा काढला आणि मागं सरकला. तिरडी पुन्हा दोघांच्या डोक्यावर गेली आणि कलत कलत मारुतीच्या बाजूनं ओढ्याकडं उतरली.

बापाशी मी त्यानंतर बोललो, पण तोंडानंच.

पुढच्या उन्हाळ्यात तो तुकडा बघायला गेलो तर तुकडा नव्हता. ट्रॅक्टरनं मुरमासकट उलटून टाकला होता. मी तसाच फाट्यावर आलो आणि चुलतभावाच्या टपरीसमोर उभा राहून त्याला विचारलं, आईचा रस्ता काहून मोडला?

तो भजी तळत होता. झारा वर धरून म्हणाला, "तिथून आता कोण जातंय?"

माझ्या तोंडाशी कोसभर शिव्या आल्या होत्या. पण त्याच वेळी तो पोराला सांगत होता की बाकडं जरा पुढं सरकव, रस्त्याकडं, गिऱ्हाईक वाढलंय. मी दोन्हीकडं बघितलं. शेजारच्याचा ओटा टीचभर पुढं होता. समोरच्याचा पत्रा टीचभर पुढं होता. मधून वसमतची एसटी पोट आत ओढून, हॉर्न वाजवत चालली होती.