ठमाबाईचा नकार

बुधरी मडावी सात वर्षं वनहक्क समितीवर होती, हे बुधरी सोडून सगळ्या सरकारला माहीत होतं.

कोसमटोल्याच्या या बाईचा आवाज नाल्यापलीकडच्या बैलांनाही कळतो. मोहफुलं वेचताना अस्वल आडवं आलं तर "सरक बाप्पा, मायं झाड हाय हे," असं ती त्याला बजावते. अस्वलही मुकाट सरकतं. वीस वर्षांत नवऱ्यालाही ते शहाणपण आलेलं आहे. पण हीच वाघीण ग्रामसभेला गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात गेली की दाराबाहेर, चपलांच्या शेजारी बसायची. आत पुरुष बोलायचे. बाहेर बाया चपला राखायच्या.

मे महिन्यात नागभीडच्या एका संस्थेतली साधना गावात आली. माणसांच्या हक्कांवर लक्ष ठेवायला जगाच्या मोठमोठ्या समित्या असतात, तिनं बायांना सांगितलं. त्यांवर निवडून जायला देश आपापली नावं पाठवतात. पण ती नावं बंद खोलीत ठरतात, कशी ठरली ते कोणाला कळत नाही, आणि बरीचशी पुरुषांचीच असतात. हे सगळं उघड्यावर व्हावं, बायाही निवडल्या जाव्यात, असं पत्र ती गावोगावच्या बायांकडून लिहून घेत होती.

"म्हंजे तिकडंबी कोनी दसरूच बसला हाय," बुधरी म्हणाली. बाया फिस्सकन हसल्या. दसरू म्हणजे गावच्या समितीचा सचिव.

"तुमचाच अनुभव लिहू ना, बाई," साधना म्हणाली. "सात वर्षं सदस्य, एकतीस सभांना हजर. तहसीलच्या यादीत वाचून आले मी."

बुधरीचं हसू अर्ध्यावरच थांबलं. "एकतीस येळा मी कुठी गेल्ती?"

भर दुपारी सगळ्या गोटुलात गेल्या. दसरूनं वही आणली. पंधरा सदस्यांत निदान पाच बाया हव्यात, असा नियम. वहीत पाच होत्या. चौघींचे अंगठे मात्र एकाच मापाचे, गरगरीत.

"मायाच अंगठा हाय," दसरू लगेच म्हणाला. दसरूला खोटं बोलता येत नाही, फक्त लिहिता येतं. "दर सभेले पाच पाच बाया कुठून आनू मी?"

"आन हा पाचवा?"

पाचवं नाव ठमाबाईचं. ठमाबाई म्हणजे बुधरीची मोठी जाऊ. सहा वर्षांपूर्वी तापानं गेली. त्या ठशावर एक तिरपी रेघ होती. धान कापताना ठमाबाईचा अंगठा विळ्यानं चिरला होता, आणि तो फडक्यानं बुधरीनंच बांधला होता.

दसरू वहीपासून मागं सरकला. "तो मी नाई लावला. मेलेल्या बाईचा अंगठा लावाले मले भेव वाटे. मी जागा कोरीच सोडो. पुढच्या सभेले वही उघडली का भरून राहे."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोनाले सांगू? हजेरी तं पुरी होऊन राह्यली होती."

बाहेर झाडावर होले घुमत होते, ते एकदम थांबले. वारा नव्हता. तरी वहीचं शेवटचं पान उचललं गेलं, क्षणभर उभं राहिलं आणि उलटलं.

त्या पानावर अकरा दिवसांपूर्वीचा ठराव होता. तलावामागचं मोहाचं बन रस्त्याला द्यायला गावाची हरकत नाही, एकमताने मंजूर. त्या बनात बुधरीची चौदा झाडं. साल जायचं ते त्या फुलांवर. खाली दोन रकाने, मान्य आणि अमान्य. पंधरा नावांपैकी चौदा मान्य, त्यात बुधरीही. अमान्यच्या रकान्यात एकच ठसा, तिरप्या रेघेचा. बुधरीनं बोट लावलं. बोट जांभळं झालं. शाई ओली होती.

तेवढ्यात अध्यक्ष लटारू आला. पान पाहून आधी हसला. तो कशालाही आधी हसतो, म्हणून तर अध्यक्ष झाला.

"मेलेल्या बाईचं मत कोन धरते, बुधरी?"

आता कोसमटोल्याची एक रीत आहे. सगळ्यांचं हो असेल तरच ठराव. एकाचंही नाही असलं की तो पडला.

"एकतीस सभा ते हजर होती तवा धरलं ना, लटारूभाऊ?" बुधरी म्हणाली. आवाज इतका हळू, की बायाच घाबरल्या. "आता नाई म्हनली, तं मेली व्हय?"

लटारूनं तिच्या जांभळ्या बोटाकडं पाहिलं, आणि खाली बसला. ठमाबाईला जिवंत धरावं तर ठराव पडतो. मेलेली म्हणावं तर समितीच खोटी ठरते.

आठ दिवसांत नवी निवड झाली. चिंचेखाली, उघड्यावर. बंद गोटुलात बसायला कोणाचीच छाती होत नव्हती. उभं राहणाऱ्यानं आपण काय करणार ते तोंडानं सांगायचं, प्रत्येकानं मडक्यात चिंचोका टाकायचा आणि मोजणी मोठ्यानं करायची. पाच बाया आल्या, खऱ्या. पहिली बुधरी. मोहाचं बन रस्त्याला द्यायला तिनं तिथंच, स्वतःच्या तोंडानं, नाही म्हटलं.

मग वहीतून ठमाबाईचं नाव खोडायचं राहिलं. पेन सगळ्यांच्या हातून फिरून दसरूकडंच परत आलं.

"तुमी निवडली होती," बुधरी लटारूला म्हणाली, "तुमीच जाऊन सांगा तिले."

गावाबाहेर मेलेल्यांचे दगड उभे असतात. ठमाबाईच्या दगडासमोर लटारू टोपी काढून उभा राहिला. मागं सगळं गाव. त्यानं नवीन पंधरा नावं वाचली. सभेत तो "कोनाची हरकत? नाई. मंजूर," हे एका दमात म्हणतो. तिथं तो "कोनाची हरकत?" म्हणाला आणि थांबला.

ऊन टळटळत होतं. दगडाच्या पायथ्याचं वाळलं गवत एका बाजूला कलंडलं, जसं कोणी उठताना कलंडतं. लटारूच्या कानामागून घाम ओघळला, पण त्यानं हात हलवला नाही. एका बाईच्या उत्तरासाठी तो इतका वेळ उभा राहिलेला गावानं कधी पाहिला नव्हता.

"चाला आता," शेवटी बुधरी म्हणाली. "ऐकलं तिनं."