एनिड टॅन्सलीचं प्लिमथ

एनिड टॅन्सली रडत नसे. लेस्टरमधल्या तिच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि बायका ते कौतुकानं सांगत. आपण रडलो नाही की लोकांना किती बरं वाटतं! जानेवारीत तिचा नवरा विल्फ गेला, त्याला पुरून मंडळी घरी आली, तर ही बाई किटली हातात घेऊन दारातच उभी. ‘हॅमचं सँडविच घ्या ना अजून एक.’ डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. पाद्रीबाबा म्हणाले, मोठ्या धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा! तिला काही वाटतच नव्हतं. चहाला चव नव्हती. मुलींचे फोन यायचे, ती ‘हो, हो’ म्हणून ठेवून द्यायची आणि काय बोलणं झालं ते पाच मिनिटांत विसरायची. जुलै उजाडला तरी तेच. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यांनी नुसती झोप यायची.

शेवटी एनिडनं आपलं आपणच निदान केलं. हे दुखणं विल्फचं नव्हेच. हे जुनं आहे, सिरिलचं.

सिरिल पेनहेल तिचा पहिला नवरा. एकेचाळीस साली, ऐन युद्धात, ती प्लिमथच्या गोदीतल्या कॅन्टीनमध्ये बटाटे सोलायला होती आणि तो तिथल्याच एका युद्धनौकेवर खलाशी होता. लग्न झालं, त्याची अकरा दिवसांची रजा संपली, बोट गेली. नोव्हेंबरात तार आली. एनिडनं तार वाचली, घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि उरलेले बटाटे सोलले. प्रेत नाही, थडगं नाही, रडायचं तरी कुठं बसून? समुद्रात गेलेल्यांची नावं पुढे प्लिमथच्या टेकडीवर, बंदराकडे तोंड करून उभ्या असलेल्या नौदलाच्या स्मारकावर लागली. तोवर ती मावशीकडे लेस्टरला आली होती. मोज्यांच्या कारखान्यात लागली आणि तिथं यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विल्फ टॅन्सलीशी सेहेचाळीस साली लग्न करून मोकळी झाली. प्लिमथला ती फिरकली नाही.

विल्फ बोलका नव्हता. दर जुलैत लेस्टरचे कारखाने पंधरा दिवस बंद होत आणि अर्धं गाव स्केगनेसच्या समुद्रकाठी वाळूत जाऊन पडे. तिथं गार वाऱ्यात खुर्ची टाकून विल्फ एनिडचे पाय आपल्या कोटात गुंडाळून ठेवायचा. एकदाच, धाकटी शाळेत जायला लागली त्या वर्षी, तो चाचरत म्हणाला, ‘यंदा प्लिमथला जायचं का? तुला तिथं जायचं असेल तर. मी आपला लांब बाकावर बसेन.’

‘कशाला?’ एनिड म्हणाली. विल्फनं पुन्हा म्हणून विषय काढला नाही.

आता शहाऐंशीच्या जुलैत ती आपण होऊन निघाली. एकदा जायचं, सिरिलच्या नावावर हात ठेवायचा, पंचेचाळीस वर्षांचं रडून घ्यायचं आणि माणसात यायचं, असा सरळ हिशोब होता. हे साधलं नाही तर मरेपर्यंत आपण अशाच किटली घेऊन उभ्या राहणार, ही एकच भीती तिला अजून वाटत होती. सोबतीला विल्फची बहीण बेरिल. सहलीची बस, चार रात्री, राहणं आणि न्याहारी. बेरिलच्या तोंडाची टकळी लेस्टरपासून सुरू झाली होती.

‘हातरुमाल घेतलास का?’ दुसऱ्या दिवशी न्याहारीला बेरिलनं विचारलं.

‘दोन घेतलेत.’

‘दोन? नळ सोडणार आहेस की काय! खा ते अंडं, नाहीतर मी खाते.’

टेकडीवर हिरवळ होती, लोक पोरंबाळं घेऊन उन्हात लोळत होते. स्मारकाच्या पायऱ्यांशी बेरिल थांबली. ‘तू जा. तुमचं नवरा-बायकोचं आहे, मी कशाला मधे कडमडू? मी तिकडं आइस्क्रीम खात बसते.’

आत दगडी भिंतींवर काशाचे पत्रे होते आणि पत्र्यांवर नावं. वर्षाप्रमाणे, मग हुद्द्याप्रमाणे, मग आडनावाच्या अक्षराप्रमाणे. हजारो. एनिड शिस्तीची बाई. एकेचाळीस साल सापडलं, साधे खलाशी सापडले. बोट लावून ती उतरत गेली. मिळालं नाही. चष्मा पुसून पुन्हा वरून खाली आली. मग बेचाळीसचं पाहिलं, मग चाळीसचं, न जाणो, साल चुकलं असेल. अर्धा तास गेला. मान अवघडली. नाव नव्हतं. तिला राग यायला हवा होता, तोही येईना. ‘लावलंच नाही मेल्यांनी,’ असं ती पुटपुटली आणि बोट तिथंच ठेवून उभी राहिली.

बेरिल हात पुसत आली. ‘झालं का? चारला बस आहे.’

‘नाहीये त्याचं नाव.’

‘नाही कसं? सरकारनं तार पाठवली ना? मग नावही लावलं असणार. बघू, कुठं बघतेस?’ बेरिल वाकली. एनिडचं बोट टॅनर नावाच्या कुणा खलाशाखाली होतं. त्याच्या खाली एकदम टॅपर. मधे कुणी नाही.

‘अगं एनिड, इथं काय शोधतेस? हे तर आमचं आडनाव!’

एनिडनं पत्र्यावरून बोट काढलं.

‘टॅन्सली कुठून सापडायचा तुला इथं? आमचा विल्फ कधी होडीत बसला नाही, त्याला तळ्यात मळमळायचं! सिरिलचं आडनाव काय ते सांग की.’

एनिडनं तोंड उघडलं. नाव आलं नाही. मोजून तीन-चार श्वास गेले. बेरिलचं हसू ओसरलं.

‘पेनहेल,’ एनिड म्हणाली.

मग काय, दोन मिनिटांत मिळालं. पेनहेल, सिरिल, खाली पेनरोझ नावाचा कुणीतरी. उन्हानं पत्रा तापला होता. एनिडनं तळवा ठेवला आणि वाट पाहिली. बावीस वर्षांचं पोर. तिच्या थोरल्या नातवाहून जेमतेम मोठं. डोळे, आवाज, चाल, काही म्हणता काही आठवेना. शेजारच्या घराच्या पाटीवरचं नाव वाचावं तसं तिनं ते वाचलं. वाईट वाटलं, पण ते त्याच्या आईसाठी. मग तिनं हात काढला.

दोघी येऊन बाकावर बसल्या. समोर बंदरातून एक राखाडी बोट चालली होती.

‘आलं का रडू?’ बेरिलनं विचारलं.

‘नाही.’ एनिड म्हणाली. ‘बेरिल, अर्धा तास मी विल्फला शोधत होते गं.’

‘दिसलं मला.’

‘पन्नास वेळा बोट फिरवलं. एकदाही मनात आलं नाही, की हा तो नव्हे.’

बेरिलनं पर्स उघडून उगाच बंद केली. ‘मला विचारायचा तो,’ ती म्हणाली. ‘दर नाताळला, दोन पेले पोटात गेले की. “बेरिल, एनिड माझ्याजवळ खूश आहे का गं? की अजून त्याचीच वाट बघते?”’

‘मग? तू काय म्हणायचीस?’

‘मी काय म्हणणार? म्हटलं, माझं डोकं खाऊ नकोस, तिलाच विचार.’

‘मला कधी विचारलं नाही त्यानं.’

‘म्हणायचा, जाऊ दे, तिला उगाच सांगायला जड जाईल.’

एनिडनं बेरिलचा हात धरला. तिनं कधी कुणाचा हात धरलेला बेरिलनं पाहिला नव्हता. डोळे कोरडेच होते.

‘खूश होते मी,’ ती म्हणाली. ‘बेरिल, ऐकलंस ना? खूप खूश होते.’

‘ऐकलं गं बाई,’ बेरिल म्हणाली. ‘मला सांगून काय उपयोग?’