देवाजीभाऊंची रिकामी पिशवी

बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टरांना पेढे मिळतात. मला किस्से मिळतात. आता तर कपाटात गॉजचे गठ्ठे कमी आणि डोक्यात किस्से जास्त झालेत, म्हणून थोडे तुमच्यापुढे रिकामे करते.

मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ऑपरेशन करून ज्यांचं आतडं पोटावर बाहेर काढलंय, असे पेशंट मी दर मंगळवारी बघते. आतड्याचं ते लाल तोंड, त्यावर शी जमा व्हायला चिकटवायची पिशवी, आणि ती पिशवी घेऊन जगायचं कसं, हे शिकवणं माझं काम. सर्जनसाहेब दोन तासांत मोकळे होतात. पुढचे सहा महिने पेशंट माझं डोकं खातो.

शिकवून झालं की मी प्रत्येकाला विचारते, "समजलं काय? आता मला सांगून दाखवा." खरा वैताग तिथून सुरू होतो.

*

घुग्घुसचा एक जण, खाणीत शिफ्टवर जाणारा, पिशवी गळते म्हणून आला. शर्ट वर केला तर कमरेला वायरिंगच्या काळ्या टेपचे चार वेढे.

"ट्रकचा पाइप नाई गळत मॅडम या टेपनं. पिशवी कशी गळन?"

टेप सोडवण्यात माझा अर्धा तास गेला, खोबरेल तेलाची बाटली संपली, आणि त्याच्या पोटावरचे केसही. खाली बघते तर पिशवीच्या, पोटाला चिकटणाऱ्या चकतीला बांगडीएवढं भोक! मी म्हटलं, "अहो, भोक आतड्याच्या तोंडाच्या मापाचं कापायचं. मोठं कापलं की कातडी सोलते आणि गळतं."

तो मनापासून चिडला. "मंग हे आधी काऊन नाई सांगितलं?"

चार वेळा सांगितलं होतं. चौथ्या वेळी त्यानं सांगूनही दाखवलं होतं.

*

एका आजींना मी महिन्याच्या पिशव्या मोजून दिल्या. महिन्याने आल्या तर तीच जुनी, कडा उकललेली पिशवी पोटावर, आणि भोवतालची कातडी लालभडक.

"आजी, नव्या कुठे गेल्या?"

"पेटीत हायेत ना बाई. चांगल्या हायेत, लगनाकार्याले लावीन."

*

शाळेत शिकवणाऱ्या एक ताई नवऱ्याबरोबर यायच्या. मी ताईंना विचारायची, उत्तर नवरा द्यायचा. "झोप लागते?" "लागते." "शाळेत जावंसं वाटतं?" "वाटतं, वाटतं." "रडू येतं का?" "छे छे, ती खूप खंबीर आहे." आणि त्याच्या मागे ताई पदराने डोळे पुसत होत्या.

शेवटी मी त्याला चहा आणायला पिटाळलं. दार लागलं आणि ताई जे बोलायला लागल्या ते पाऊण तास. वर्गात पोरांसमोर पिशवीचा आवाज झाला तर काय, हे त्या माणसाला त्या एकदाही सांगू शकल्या नव्हत्या. चहा गार झाला म्हणून तो बिचारा दोनदा परत गेला.

मग मी ताईंना बाहेर पाठवून त्याला विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात?" तर तो रडायला लागला. आता दोघांनाही मी वेगवेगळ्या मंगळवारी बोलावते.

*

या सगळ्यांपेक्षा माझं रक्त आटवलं ते देवाजीभाऊंनी. गोंडपिपरीकडचे, धानाची शेती, मितभाषी माणूस. त्यांची पिशवी कायमची नव्हती. अंगात ताकद आली की आतडं परत आत घालायचं, असं सर्जनसाहेबांनी सांगितलेलं. पण वजन दर मंगळवारी खालीच.

भाऊ पिशवी दाखवायचे आणि म्हणायचे, "पाहा बाई, एकदम साफ."

साफ राहणारच. पिशवी भरू नये म्हणून ते दिवसभर वाटीभर पेजेवर राहत होते. पंगतीत बसणं तर सोडलंच होतं.

मी ओरडले, "भाऊ, खाल्लं नाही तर ऑपरेशन होणार नाही!"

"पिशवी काढा, मंग खातो."

"खा, मग काढतो."

असे आमचे दोन महिने गेले. त्यांच्या बायकोचा, सिंधुबाईंचा, चेहरा मला बघवत नव्हता. मी घरी जाऊन स्वतःच्या नवऱ्यावर चिडायची.

*

त्याच सुमारास आमचं ट्रेनिंग झालं. पेशंटचं दुःख कळावं म्हणून नर्सने एक दिवस स्वतः पिशवी लावून बघावी, असा गृहपाठ. मी मंगळवारीच लावली, आत पाणी भरून. देवाजीभाऊंची फाइल उचलायला वाकले, ॲप्रन सरकला आणि पिशवीचं टोक बाहेर आलं. भाऊंनी ते बघितलं. दुपारी मी बाकावर बसून दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली. समोरच्या बाकावरून ते एकटक बघत होते.

पुढच्या मंगळवारी वजन दीड किलो वर. मी अख्ख्या वॉर्डात मिरवले, माझा आहाराचा तक्ता कामी आला म्हणून.

मग सिंधुबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "बाई, तुमालेही हाय म्हने. घरी सांगून राह्यले का बाईले पिशवी हाय तरी बाई डबा भरून खाते, मंग मले काय धाड भरली?"

मी धावत जाऊन भाऊंना खरं ते सांगितलं. ट्रेनिंग, गृहपाठ, पाणी, सगळं. पोराची शपथही घेतली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लपवू नका बाई. लपवाची गोष्ट नाई हे. तुमीच सांगता ना?"

*

परवाच्या मंगळवारी मरणाची गर्दी. तीन वाजले तरी माझा डबा टेबलावर तसाच बंद. देवाजीभाऊ आत आले, ऑपरेशनची तारीख मिळाली हे सांगायला. गाल भरलेले. मला आनंद झाला, पण बाहेर चौदा जण होते, म्हणून मी पुढच्या फाइलला हात घातला.

त्यांची नजर डब्यावर गेली. "जेवल्या नाई?"

"वेळच नाही हो भाऊ."

त्यांनी दार उघडून बाहेर सांगितलं, "बाई जेवून राह्यली, थांबा." दार लावलं. माझा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"पिशवी भरन म्हनून जेवन सोडाचं नाई. थोडं थोडं, चावून चावून खाचं. पानी भरपूर पेवाचं. पिशवी तिसरा हिस्सा भरली का रिकामी कराची. साबन नाई, डेटॉल नाई, साधं पानी. भोक मापाचं कापाचं. आन मनात काई आलं तं घरच्याइले सांगाचं."

माझ्याच क्रमाने, एकही गोष्ट न चुकता. इतक्या वर्षांत एकाही पेशंटने मला ते असं सांगून दाखवलं नव्हतं. माझ्या हातात घास तसाच राहिला.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "समजलं काय? आता मले सांगून दाखवा."

मी घास खाल्ला आणि पहिल्यापासून म्हणायला लागले.