पोटाचे दात

माझा मामा माणसांना दातांवरून ओळखतो. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत सव्वीस वर्षं तो कवळ्या करतोय. पेशंटचा चेहरा त्याच्यापर्यंत पोचतच नाही, पोचतो तो तोंडाचा प्लास्टरचा साचा. रस्त्यात कोणी हसून बोलायला आलं की मामा आधी त्याच्या तोंडात बघतो आणि मग म्हणतो, "अच्छा, डावी दाढ का तुम्ही?"

माझ्या सिनेमासाठी दात त्यानेच केले. सिनेमा कसला, मित्रांचा कॅमेरा, आमचाच जिना आणि चार बादल्या हिरवी खळ. रोजच्या डाएटला वैतागून एका माणसाचं पोट त्याला सोडून जातं, अख्खी इमारत गिळतं आणि मग एकेकाला ओकून काढतं. मी याला कौटुंबिक चित्रपट म्हणते, आई काय म्हणते ते सोडा. या पोटाला हसरं तोंड हवं होतं. मामाने दवाखान्याच्या कपाटातला एक जुना साचा उचलून त्याबरहुकूम दात केले, कारण त्यातला पुढचा एक दात शेजारच्याच्या अंगावर चढून बसला होता आणि मामाचा त्यावर जीव जडला होता.

साच्याच्या बुडाला पेन्सिलने नाव असतं. ते मामाने वाचलं थेट सिनेमाच्या पहिल्या खेळाच्या दिवशी दुपारी, साचा जागेवर ठेवताना. दवाखाना ज्यांचा, त्या डॉक्टरबाईंचे वडील. वर्षापूर्वी वारलेले. आणि डॉक्टरबाईंना आमंत्रण मीच हौसेने दिलं होतं.

"खेळ बंद करता येईल?" मामाने विचारलं.

"मामा, दोन वर्षं खपलेय मी."

"माझी नोकरी जाईल गं. बाई दात विसरत नाहीत."

"एवढ्या खळीत कुणाला काय दिसतंय," मी म्हटलं. माझा स्वार्थ बोलत होता, हे मलाही कळत होतं.

संध्याकाळी बाई मामाशेजारीच बसल्या. मी त्यांच्या लगेच मागच्या रांगेत. पहिली वीस मिनिटं पोट पाठमोरं होतं. लोक खिदळत होते, मामा खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता. मग पोट वळलं आणि पडदाभर हसलं. दातांच्या फटीतून हिरवं ओघळलं. सभागृहात हशा उसळला. बाई हसल्या नाहीत. त्या पुढे झुकल्या.

पोट वॉचमनला गिळून पुन्हा हसलं. मामाला राहवलं नाही.

"बाई, ते दात..."

"कळलं मला. गप्प बसा."

पोट तिसऱ्यांदा हसलं तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "त्या एका दातापायी बाबा हसताना कायम तोंडावर हात धरायचे. माझ्यासमोरसुद्धा." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "शेवटी काय होतं याचं?"

मामाने थाप मारावी म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.

"फुटतं," मामा म्हणाला. "दात जिन्यावरून घरंगळत जातात."

बाईंनी पर्स उचलली. मामाही उठायला लागला.

"तुम्ही बसा. भाचीचा सिनेमा आहे." मग अगदी शांतपणे त्या म्हणाल्या, "सोमवारी नेहमीच्या वेळी या. साच्यांच्या कपाटाला मी कुलूप लावून घेतेय. साचा लागला की माझ्याकडे मागायचा."

त्या गेल्या. पोट फुटलं, दात पायऱ्या उतरले, लोक हसून हसून लोळले. मग टाळ्या. कुणीतरी मला ओढून पुढे नेलं. परत आले तेव्हा मामा रिकाम्या रांगेत तसाच बसलेला.

"नोकरी राहिली ना मामा," मी म्हटलं. "सुटलो."

"सव्वीस वर्षांत त्या कपाटाला कुलूप नव्हतं," मामा म्हणाला. "त्यापेक्षा मला कामावरून काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं."