चपलांच्या स्टँडवरचा कॅमेरा

देवाला सगळं दिसतं यावर आमच्या साडूंचा पूर्ण विश्वास आहे. फक्त त्याच्याकडे रेकॉर्डिंग मागायची सोय नाही, एवढीच त्यांची देवाबद्दल तक्रार आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, म्हणजे नोकरीभर नट-बोल्ट सांभाळत आणि कोणी ते खिशात घालतंय का ते बघत बसले. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, गुडघ्यांना तेल लावतात, पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. आमच्या साडूंनी इंदिरानगरातल्या आपल्या रो-हाउसला चार कॅमेरे बसवले आणि उरलेल्या जगाला ते बसवायचा सल्ला द्यायला घेतला. त्यांच्या घरी आजवर कधी चोरी झालेली नाही, आणि हेच त्यांच्या काळजीचं मूळ आहे. "अजून झाली नाही, म्हणजे व्हायची आहे," असं ते चहाच्या कपात बघत सांगतात, आणि मग ऐकणाऱ्यालाही आपण निघताना कडी नीट लावली होती ना, असं उगाच वाटायला लागतं. मन चिंती ते वैरी न चिंती ही म्हण ज्याने कोणी काढली, त्याचं आमच्या साडूंकडे येणं-जाणं असलं पाहिजे.

कोणाच्याही घरी गेले की हा माणूस आधी छताकडे बघतो. बारशाला सगळे पाळण्यात डोकावत होते, बाळ कोणावर गेलंय याचा वाद रंगला होता, तेव्हा हे हॉलच्या कोपऱ्याखाली मान वर करून उभे. बाळाच्या आजोबांना वाटलं पाल दिसली. "पाल नाही हो," साडू म्हणाले, "इथे एक डोम कॅमेरा छान बसेल. पण खिडकीसमोर नको, उन्हात सगळी माणसं काळी दिसतात." आणि मग सुरूच झाले. कॅमेरा फार उंच लावू नका, चोराचं टक्कल दिसतं, तोंड दिसत नाही, आणि पोलीस टक्कल बघून कोणाला पकडत नाहीत. स्वस्तातली वायर घेऊ नका. लाइट गेली तरी चालेल अशी बॅटरी ठेवा, कारण चोराला लाइट कधी जाते ते आपल्याआधी कळतं. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीशेजारी मिरवू नका. चोर टीव्ही सोडेल, डबा आधी नेईल. तो तांदळाच्या पिंपामागे ठेवा. आणि पासवर्ड बदला, कंपनीने दिलेला एक दोन तीन चार तसाच ठेवणारा माणूस स्वतःच दार उघडं टाकून झोपतो. घुगऱ्या हातात घेऊन निघालेले पाहुणे दाराशी थबकून ऐकत होते, आणि बाळाचे वडील खरंच वायफायचा पासवर्ड बदलायला आत गेले.

सल्ला फुकट असल्यामुळे त्यांना गिऱ्हाइकांची वाण नव्हती. भांडी बाजारातल्या एका दुकानदाराने त्यांच्या सांगण्यावरून कॅमेरा बसवला, तर दिवसा चित्र स्वच्छ आणि दुकान बंद केलं की पडदाभर पांढरा उजेड. साडूंनी जाऊन निदान केलं: अंधारात कॅमेरा स्वतःचा प्रकाश सोडतो, तो समोरच्या घागरी-कळश्यांवर आपटून परत येतो. उपाय सोपा, दुकान बंद करताना भांड्यांवर चादरी घाला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराने शटर वर जाताना आत ओळीने पांढऱ्या चादरी बघितल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "घरातलं कोणी गेलं का?" दिंडोरीच्या एका बागायतदाराने द्राक्षाच्या प्लॉटवर कॅमेरा लावला होता. त्याचा एकदा घाबरून फोन आला. "साहेब, समदं निळं दिसतंय. द्राक्ष हाय का आभाळ, काय कळत नाय." साडूंनी त्याला वायर काढायला लावली, घालायला लावली, मशीन बंद करायला लावलं, चालू करायला लावलं, शेवटी म्हणाले, "फवारणी कधी केलीत?" फवाऱ्यातल्या मोरचुदाचा निळा थर बसला होता काचेवर. पुसल्यावर पलीकडून आनंदाने आवाज आला, "लय भारी साहेब, आता चोर बी दिसला. आमचा मेहुणाच हाय, घड खातोय." तेव्हापासून 'आधी काच पुसा' हे साडूंचं पहिलं सूत्र झालं.

दुसऱ्याला सूत्रं सांगणारा हा माणूस स्वतः मात्र सदैव गॅसवर. मोबाइल दर दोन मिनिटांनी खणखणायचा, कारण कॅमेऱ्यासमोर काहीही हललं की तो कळवतो, आणि यांच्या फाटकाशी भलंथोरलं जास्वंदीचं झाड. वारा सुटला की जास्वंद हले, जास्वंद हलली की मोबाइल वाजे, मोबाइल वाजला की साडूंच्या तोंडचं पाणी पळे. देवळाली कॅम्पला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवात उभे राहून स्वतःच्या घराचं अंगण बघत होते. अक्षता टाकायच्या वेळी सगळ्यांनी नवरा-नवरीवर टाकल्या, यांनी मोबाइलवर टाकल्या. ताई, म्हणजे माझी मेहुणी, फक्त म्हणाली, "झाडाचं लग्न लागलं का?"

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, केतकीचं, लग्नाचं बघायला लागले आणि साडूंच्या काळजीला खरंखुरं खाद्य मिळालं. केतकी एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करायचं काम करते. हसरी, बोलघेवडी पोर. तिला बघायला मंडळी येऊ लागली तेव्हा साडूंनी त्यातला एक मोठा शोध लावला. आपल्याकडे पाहुणे बघण्याच्या कार्यक्रमात खरं बोलत नाहीत. पोहे छान झालेत म्हणतात, घर छान आहे म्हणतात, "कळवतो" म्हणतात आणि उठतात. खरं बोलतात ते बाहेर आल्यावर, चपला घालताना. एका पायात चप्पल, दुसरा पाय हवेत, हात भिंतीला, आणि मुलाची आई मुलाच्या आत्याच्या कानाशी लागलेली. साडूंनी तडक चपलांच्या स्टँडवर पाचवा कॅमेरा बसवला. आवाजासकट.

पहिल्याच खेपेला त्या कॅमेऱ्याने पांग फेडले. मुलाचे वडील बूट चढवता चढवता म्हणाले, "एकुलती एक आहे. म्हणजे हे घर शेवटी कोणाचं?" साडूंनी मला घरी बोलावून ते तीनदा ऐकवलं. "बघा. माझं घर मोजत होते. मी अजून जिवंत आहे हो." मी म्हटलं, चांगलं केलंत, नकार द्या. त्यांनी दिला. पण एकदा दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि आमचे साडू तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. एका मुलाने स्वतःचा बूट शोधताना दुसऱ्यांच्या चपला पायाने सरकवल्या, नकार. एकाची बहीण हॉल लहान आहे म्हणाली, नकार. एक बिचारा बूट घालताना नुसता उसासा टाकून बसला, तो त्यांनी आवाज वाढवून वाढवून ऐकला आणि म्हणाले, "या उसाशात नाखुशी आहे." मी म्हटलं, "बुटात आहे. घट्ट असतील." ऐकतील तर शपथ. आणि घरात सांगताना दर वेळी एकच, "पत्रिका जमत नाही." ताईला, केतकीला, सगळ्यांना तेच. कॅमेऱ्यातला आवाज त्यांनी पुरावा म्हणून मशीनवर वेगळा काढून ठेवला होता, पण माझ्याशिवाय कोणाला ऐकवला नव्हता.

मग एक दिवस माझी बायको घरी आली ती डोळे पुसतच. केतकीने तिला विचारलं होतं, "मावशी, माझ्यात काय कमी आहे ग? पत्रिकेचं निमित्त असतं, मला कळतं. सगळे मलाच नाकारतात ना?" पोरगी आरशासमोर उभी राहायची बंद झाली होती, दवाखान्यातून आली की खोलीत जाऊन बसायची. मला काही राहवलं नाही. मी साडूंकडे गेलो आणि म्हणालो, "साडूभाऊ, तुमच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं, पोरीचा चेहरा तेवढा दिसत नाही." ते म्हणाले, "तिला खरं सांगू? लोक तिच्याबद्दल काय बोलतात ते ऐकवू?" मी म्हटलं, "लोक हॉलबद्दल बोलतात हो, तिच्याबद्दल कोणी काही बोललेलंच नाही." पण त्यांचा धीर होईना.

त्यानंतर नाशिकरोडचं स्थळ आलं. मुलगा शाळेत गणित शिकवायचा, वडील एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. केतकी त्याला आधी एकदा भेटून आली होती आणि घरी येऊन तिने आईला सांगितलं होतं, "हा मला आवडलाय. या वेळी पत्रिका बघू नका." हे ऐकून साडूंची झोप उडाली. कारण आता नकार आला तर तो थेट तिच्या काळजाला लागणार, आणि होकार आला तर ती माणसं कशी आहेत हे कळायला चपलांशिवाय दुसरा मार्ग नाही. आणि नेमक्या त्याच सकाळी चपलांच्या कॅमेऱ्याचा आवाज गेला.

मी पोचलो तेव्हा साडू स्टुलावर उभे होते, कपाळावर घाम. वायर बदलून झाली होती, मशीन दोनदा बंद-चालू करून झालं होतं, सेटिंगमधलं आवाजाचं बटण तिसऱ्यांदा तपासून झालं होतं. चित्र लख्ख, आवाज नाही. काच तर त्यांनी इतकी पुसली होती की तिची कीव यावी. मी खाली स्क्रूड्रायव्हर धरून उभा. ताई आतून ओरडत होती, पाहुणे यायची वेळ झाली, धोतर-बितर काय नेसायचंय ते नेसा. आणि तेवढ्यात फाटक वाजलं. पाहुणे वेळेआधी आले होते. मुलाचे वडील पुढे, मागे आई आणि मुलगा. त्या गृहस्थांनी नमस्कार-चमत्कार राहू दिला, सरळ पुढे येऊन डुगडुगणारं स्टूल दोन्ही हातांनी पकडलं आणि म्हणाले, "तुमचं होऊ द्या निवांत. मी धरलंय."

साडूंचा हात कॅमेऱ्याखालून फिरला, आवाज आत जातो त्या बारीकशा भोकावर, आणि तिथेच थांबला. बोटाला काहीतरी लागलं. त्यांनी ते सोडवून डोळ्यांजवळ आणलं. मरून रंगाची छोटी टिकली. ही टिकली घरात एकच माणूस लावतं. साडूंनी वळून आत बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात केतकी उभी होती, हातात पाण्याचा ट्रे, आणि बापाकडे बघत होती. रागाने नाही. पण नजर हटवलीही नाही. तिला सगळं ठाऊक होतं. ते उसासे, ते हॉल, सगळं तिने कधीतरी त्या मशीनवर ऐकलं होतं आणि बापाला एक शब्द न विचारता भोक बुजवून टाकलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस टिकली खिशात टाकणार आणि खाली उतरणार. पण त्यांनी ती टिकली पुन्हा त्या भोकावर ठेवली आणि अंगठ्याने नीट दाबून बसवली.

"झालं?" खालून मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"झालं. आवाज बिघडलाय. राहू दे, कामाचा नव्हता."

पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी गच्चीवर बोलून आले. मंडळी "कळवतो" म्हणाली आणि उठली. बाहेर चपलांचा आवाज, हलकं बोलणं, कोणाचं तरी हसणं. साडू सोफ्यावर उशी पोटाशी धरून बसले होते. मला म्हणाले, "काय बोलत असतील हो?" मी म्हटलं, "चपला शोधत असतील." त्यांचा जीव टांगणीला लागला होता, पण जागचे हलले नाहीत, मोबाइलला हात लावला नाही. मंडळी गेल्यावर केतकी कप गोळा करायला आली आणि कप तसेच ठेवून त्यांच्याजवळ बसली.

"बाबा, मला वाटायचं ते मला नाकारतात."

"मी कोणाला तुला नाकारू दिलं नसतं."

"म्हणून तुम्हीच आधी नाकारत सुटलात?"

"मला भीती वाटते ग," साडू म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा सरळ कबूल केलं असेल. "घरात चोर शिरला तर काय करायचं ते मला माहितीये. तू गेल्यावर काय करायचं ते नाही." केतकीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी उगाच स्क्रूड्रायव्हर शोधायला बाहेर गेलो. संध्याकाळी नाशिकरोडहून होकाराचा फोन आला.

लग्न झालं. नाशिकरोड म्हणजे काही परदेश नव्हे. रिक्षात बसलं की गप्पा संपायच्या आत येतं. पण लग्नानंतर मी सहज गेलो तर साडू पडद्यासमोर बसलेले, आणि चालू होतं ते आत्ताचं चित्र नव्हतं. केतकी फाटकातून स्कूटर बाहेर काढत होती, हेल्मेट घालत होती, कॅमेऱ्याकडे न बघताच एक हात वर करून निघून जात होती. डिस्कमध्ये जेमतेम पंधरवड्याचं रेकॉर्डिंग मावतं. भरली की ती आपोआप जुनं पुसते आणि नवीन लिहिते. रोज एक नवा दिवस आत यायचा आणि केतकीचा एक दिवस जायचा. जो दिवस पुसला जाणार, तो त्याआधी बसून साडू बघून घेत होते.

मी म्हटलं, "अहो, पेनड्राइव्हवर काढून ठेवा की. तुम्हीच तर लोकांना सांगता, महत्त्वाचं असेल ते लगेच काढून घ्या."

ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "ते चोराचं काढून ठेवतात हो. पुरावा म्हणून. ती काय चोर आहे?"

पुढे काही दिवसांनी पुन्हा गेलो. साडू आत चहा टाकत होते, पडदा चालूच होता. मी मागे नेऊन नेऊन बघितलं. केतकी कुठेच उरली नव्हती. दूधवाला होता, पेपरवाला होता, आणि रोज सकाळी, ती निघायची त्या वेळेला, फाटक उघडून रस्त्याकडे बघत उभे राहिलेले आमचे साडू होते.